चार घरांचा खड्डा

काकू अकराव्यांदा खड्ड्यात पडल्या तेव्हा मी तोंड उघडलंच होतं. मित्राने मागून शर्ट ओढला.

आमच्यात ठरलेलं होतं. खेळणाऱ्याच्या मागे उभं राहायचं, वहीत लिहायचं आणि काहीही झालं तरी बोलायचं नाही. ‘दाबून धरा’ नाही, ‘थोडं मागून पळत या’ नाही, हळहळायचंसुद्धा नाही. आम्ही बनवलेला गेम कुणाच्या घरी जाईल तेव्हा त्याच्यासोबत आम्ही चौघं थोडेच जाणार होतो? जे सांगायचं ते पडद्याने सांगावं. नियम माझाच होता आणि पाळायला सगळ्यांत जड मलाच जात होता, कारण तो खड्डाही माझाच होता.

काकू म्हणजे मित्राची आई. सोलापूरच्या पूर्व भागातलं दोन खोल्यांचं घर, एप्रिलची दुपार, वर पंखा गरम हवा इकडून तिकडे ढकलतोय. मांडीवरचं विड्यांचं सूप बाजूला सरकवून, पदराला बोटं पुसून त्या लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. ‘एकदाच हं. संध्याकाळी माल द्यायचाय.’ उजवा बाण दाबला की पोरगं पळतं, हे त्यांना कुणी न सांगता कळलं. लांब पट्टी दाबली की उडी, हेही कळलं. मग खड्डा आला. काकूंनी पट्टी दाबली, पोरगं टुणकन उडालं आणि पलीकडचं छत वीतभर राहिलं असताना खाली गेलं. पुन्हा. पुन्हा.

‘ह्यो ऐकंनाच की रे माझं,’ त्या म्हणाल्या. रागावून नाही. शेजारच्या द्वाड पोराची तक्रार त्याच्या आईकडे करावी तशा.

मी वहीत लिहिलं : खड्डा १, अकरा वेळा. आणि मग काकूंच्या तोंडाकडे बघायचं सोडून पहिल्यांदा त्यांच्या बोटांकडे बघितलं. पान घ्यायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, पुढचं पान. हजारांच्या हिशेबाने विड्या वळणारी ती बोटं कुठल्याही गोष्टीवर रेंगाळतच नव्हती. पट्टीला टेकायची आणि उठायची. आणि आमच्या गेममध्ये उडी किती मोठी, हे बोट किती वेळ टेकलंय यावर ठरत होतं.

आम्ही चौघं. इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष, कॉम्प्युटर शाखा. सबंध वर्षभर एकमेकांना कामावरूनच हाका मारत होतो, म्हणून इथंही तीच नावं ठेवतो. ज्याच्या घरी हे चाललं होतं तो उडीवाला. पोराचं पळणं, उडणं, पडणं सगळं त्याच्या कोडमध्ये. चित्रं काढणारी रंगवाली. आवाजवाला तबला शिकलेला, म्हणून त्याच्याकडे आवाज. त्याला कोडचा कंटाळा होता आणि त्याने तो कधी लपवला नाही. मी लेव्हलवाला. म्हणजे छतं कुठे, खड्डे कुठे, कठडे किती उंच, हे ठरवणारा. कॉलेजात कुणी विचारलं ‘तू काय करायलास बे प्रोजेक्टमध्ये?’ तर मी सांगायचो, ‘खड्डे खणायलोय.’

गेमचं नाव ‘भोंगा’. एक पोरगं बापाचा डबा घेऊन चाळीच्या छतावरून निघतं आणि तिसरा भोंगा व्हायच्या आत त्याला मिलच्या फाटकाशी पोचायचंय. आमच्यातल्या कुणीही मिलचा भोंगा ऐकलेला नाही. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू ही नावं आम्हाला बसथांब्यांसारखी पाठ आहेत, पण ती बंद पडलेलीच पाहिली. भोंग्याच्या गोष्टी मात्र प्रत्येकाच्या घरात. माझे आजोबा पहिल्या भोंग्याला उठायचे, दुसऱ्याला निघायचे, आणि ज्या दिवशी डबा विसरायचे त्या दिवशी माझे वडील, वय वर्षं नऊ, गल्लीबोळांतून धावत तो फाटकात पोचवायचे. आम्ही त्या नऊ वर्षांच्या पोराला गल्लीतून उचलून छतावर ठेवलं, एवढंच.

उडी मारायला छतं होतीच. शिवाय पूर्व भागात रंगवलेलं सूत बांबूवर वाळत घालतात, त्याचे लाल-हिरवे पडदे लागलेले असतात. ते बांबू खालून उडी मारून पार करता येतील आणि वरून उतरलं की पाय टेकेल, अशा फळ्या झाल्या. ताणून वाळत घातलेल्या चादरीवर पडलं की पोरगं दुप्पट उंच उडे. आणि रंगवालीने मिलच्या चिमणीवर खरीखुरी चिमणी बसवली. तिला हात लावला की ती चिवचिवते, आणि पुढे पडलात तर परत तिथूनच सुरुवात. हा विनोद कळायला मराठी लागतं, म्हणून आम्हाला तो जास्तच आवडायचा.

आमच्या गाईडांना गेम हा प्रकार नको होता. ग्रंथालयाचं व्यवस्थापन, रुग्णालयाचं व्यवस्थापन, कसलं ना कसलं व्यवस्थापन करा, असं त्यांचं म्हणणं. शेवटी नावात ‘सांस्कृतिक वारसा’ घातलं तेव्हा सही मिळाली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. प्रत्येक इंजिनीअरकडे ही गोष्ट असतेच.

अशा उड्यांच्या गेमना प्लॅटफॉर्मर म्हणतात. १९८१ साली निन्टेंडोच्या ‘डाँकी काँग’मध्ये पिंपांवरून उड्या मारणारा एक सुतार होता. त्याचं नाव तेव्हा जम्पमॅन, उडीमाणूस; पुढे तोच मारिओ झाला. माझ्या मामेभावाकडे टीव्हीला जोडायचा एक डबा होता. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं आणि आत मोजून सात-आठ गेम, तेच तेच वेगळ्या नावांनी. मारिओ तिथं भेटला. तेव्हा वाटायचं, हे एकदम सोपं आहे, एक माणूस आणि एक उडी. प्रोजेक्टला हा प्रकार निवडताना आमचा हिशेब तोच होता.

त्या एका उडीत आमचे दीड महिने गेले.

आम्ही गोडो हे इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, घेतलं होतं. फुकट, मुक्तस्रोत, आणि डाउनलोड शंभर एमबीच्या आत. कॉलेजच्या लॅबमधल्या यंत्रांना त्याहून जड काही झेपलं नसतं. नवीन पात्र तयार केलं की गोडो एक तयार नमुना समोर ठेवतं : पळायचा वेग ३००, उडीचा वेग उणे ४००, गुरुत्वाकर्षण ९८०. उणे अशासाठी, की पडद्यावरची मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू होते आणि खाली जावं तसा आकडा वाढतो. वर जायचं म्हणजे वजाबाकी. उडीवाल्याने पहिल्या आठवड्यात हे चिन्ह विसरून पोराला तीनदा जमिनीत गाडलं. त्यानंतर वेगाला उगाचच वेळेने गुणलं, तर पोरगं मुंगीच्या चालीने सरकायला लागलं.

नमुन्यातली उडी चालत होती, पण बरी वाटत नव्हती. का, ते आम्हाला सांगता येईना. रंगवाली म्हणाली, फुग्यासारखं वाटतं. मग आम्ही बारावीचं गणित बाहेर काढलं. वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाकर्षणाची दुप्पट : ४०० च्या वर्गाला १९६० ने भागलं की साधारण ८२ पिक्सेल. आमचं एक घर, म्हणजे लेव्हल मोजायचा एक चौकोन, ३२ पिक्सेलचं. म्हणजे उडी जेमतेम अडीच घरांची, आणि तेवढं वर जायला ०.४१ सेकंद. बुटकी उडी आणि वर निवांत. आम्ही उलटीकडून गेलो. आधी ठरवलं की उडी तीन घरं हवी आणि माथ्यावर ०.३२ सेकंदात पोचली पाहिजे, मग त्यावरून आकडे काढले. वेग ६००, गुरुत्वाकर्षण १८७५. बरोब्बर जमलं. शिवाय खाली येताना गुरुत्वाकर्षण दीडपट. वर जाताना एक आणि खाली येताना दुसरं! अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी वर्गाबाहेर काढलं असतं. पण हातात घेतल्यावर पहिल्यांदा ते पोरगं पोरासारखं उडालं, आणि लॅबमध्ये चौघंही पाच मिनिटं नुसतं पट्टी दाबत बसलो.

तिथून पुढे खोटेपणाला सुरुवात झाली. प्लॅटफॉर्मर खरं बोलला तर कुणी खेळणार नाही, हे मला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही. पोरांना खेळायला बसवून कळलं. लोक छताच्या कडेवरून पाय सुटल्यावर उडी दाबतात आणि शपथेवर सांगतात की आधी दाबली. ते खोटं बोलत नसतात, त्यांना तसंच दिसलेलं असतं. त्यावर इलाज असा, की पाय सुटल्यावरही काही क्षण उडी मान्य करायची. इंग्रजीत याला कार्टूनमधल्या त्या कोल्ह्यासारख्या कायोटीचं नाव आहे. कड्यावरून पुढे धावत जातो, आणि खाली बघेपर्यंत पडत नाही, तो. आम्ही म्हणायचो उधारी. एक दशांश सेकंद, म्हणजे सेकंदाला साठ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) गतीत सहा चौकटी. २०१८ च्या ‘सेलेस्ट’मध्येही उधारी एक दशांश सेकंदाचीच आहे, त्याच्या कर्त्यांनी नायिकेचा कोड सगळ्यांना बघायला खुला केला होता, तो आम्ही ओळ न् ओळ वाचला. त्या गेमचा पहिला अवतार २०१५ मध्ये चार दिवसांत झाला होता, हेही तेव्हाच वाचनात आलं. चार दिवसांत होतं, आपल्याकडे तर आठ महिने आहेत, असा आनंद आम्हाला झाला होता. असो.

उधारीसारखीच आगाऊ नोंदणी : पाय टेकायच्या जरा आधी पट्टी दाबली तर ती लक्षात ठेवायची आणि टेकताक्षणी उडवायचं. कठड्यावरच्या काचा चित्रात मोठ्या, पण टोचणारा भाग चित्राहून लहान. पोराचं डोकं छताच्या कोपऱ्याला निसटतं लागलं तर त्याला हळूच बाजूला सरकवायचं. यातलं काहीही खेळणाऱ्याला कधी कळत नाही. तो म्हणतो, ‘वाचलो बे!’ आणि आपण मागे उभं राहून वहीत लिहायचं की उधारी वापरली.

एवढी सगळी सवलत देऊनही काकू अकरा वेळा पडल्या, कारण एका ठिकाणी आम्ही शिष्टपणा केला होता. पट्टीवरून बोट उचललं की वर जाणारा वेग झटकन कापायचा, म्हणजे हलक्या बोटाला छोटी उडी आणि दाबून धरली तर मोठी. जाणते खेळाडू यावर जीव टाकतात. त्या रात्री आम्ही मोजून पाहिलं. काकूंच्या बोटाला मिळणारी उडी आडवी सव्वातीन घरांची. माझा पहिला खड्डा चार घरांचा. पूर्ण दाबणाऱ्याला पाच घरं सहज जातात, म्हणून मला चार म्हणजे उदारपणा वाटला होता. गेमच्या अगदी पहिल्या पडद्यावर मी न सांगता असं गृहीत धरलं होतं, की आलेल्याला दाबून धरायचं माहीत असणार. माझ्या मामेभावाच्या घरी टीव्हीसमोर बसलेला असणार.

भांडण अपेक्षेप्रमाणे झालं. मी म्हणालो उडी बदल, उडीवाला म्हणाला खड्डा बदल. त्याच्या आईचा प्रश्न असल्याने तो जिंकला. पहिला खड्डा दोन घरांचा झाला. दुसरा चारचा राहिला, पण त्याच्याखाली मी एक बुटकं छत आणि शिडी टाकली. पडलात तर मरत नाही, वर येता आणि पुन्हा बघता. तिथं पोरगं पाच-सहा वेळा पडतं, कधीतरी चुकून बोट जास्त टेकतं, पोरगं लांब जातं, आणि खेळणाऱ्याच्या भुवया वर होतात. ती भुवई वर जायची वाट बघत मी नंतर कितीदा उभा राहिलोय. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या पहिल्या पडद्यावरही कसं खेळायचं ते सांगणारं अक्षर नाही. मारिओ डावीकडे, उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे कुठे जायचं ते कळलं. समोरून एक प्राणी चालत येतो, म्हणजे काय करायचं तेही कळतं, नाही कळलं तर मरून कळतं. लहानपणी मला वाटायचं की मी आपोआप शिकलो.

पण काकूंच्या त्या अकरा पडण्यांनी मला घाबरवून सोडलं. पुढचे तीन आठवडे मी जे खड्डे खणले ते सगळे तीन-तीन घरांचे. कुणी पडायलाच नको. आणि कुणी पडलंच नाही. दुसऱ्या वर्षाची पोरं लॅबमध्ये येऊन पूर्ण लेव्हल पार करायची, आणि खुर्ची मागे सारून म्हणायची, ‘बरं हाय की.’ दोनदा कुणी खेळेना. वहीत लिहायलाही काही उरलं नव्हतं.

हे कुठे चुकतंय ते काकांनी सांगितलं, आणि त्यांनी आजतागायत तो गेम खेळलेला नाही.

उडीवाल्याचे वडील चादरीचे ग्राफ काढायचे. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी : सोलापुरी चादरीवरचा मोर किंवा कमळ आधी चौकटीच्या कागदावर भरावं लागतं, एकेक घर रंगवून. कुठलं घर भरलं, यावर कुठला उभा धागा वर उचलायचा ते ठरतं. त्याप्रमाणे पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, आडव्या धाग्याच्या एका ओळीला एक पुठ्ठा, आणि त्या पुठ्ठ्यांची माळ मागावरच्या जकार्ड यंत्रावर चढते. भोक असेल तिथं धागा उचलला जातो, नसेल तिथं नाही. पहिल्या वर्षाला आम्हाला एका धड्यात होतं, की फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जकार्ड नावाच्या माणसाने असा माग केला आणि त्याच्या पुठ्ठ्यांची कल्पना पुढे चार्ल्स बॅबेजने गणनयंत्रासाठी उचलली. हे आम्ही परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं. तो माग कॉलेजपासून रिक्षाच्या अंतरावर खडखडतोय, हे ना धड्यात होतं ना शिकवणाऱ्यांनी सांगितलं. उडीवाल्यालाही तेव्हा सुचलं नाही. घरात बाप जे करतो ते अभ्यासक्रमात असेल असं वाटतच नाही.

आता ग्राफ कॉम्प्युटरवर होतात. काका टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब बघतात.

मी लेव्हल छापून आणली होती, नऊ कागद चिकटवून केलेली लांब पट्टी, बॅगेतून काढून त्यांच्या घरी फरशीवर पसरली होती. काका कामावरून आले, चप्पल काढता काढता थबकले, आणि चहा घ्यायच्या आधी चष्मा घेऊन उकिडवे बसले. छापलेल्या घरांवरून त्यांची पेन्सिल सरकायला लागली. ओठ हलत होते, मोजत होते. टोकापर्यंत गेले आणि म्हणाले, ‘बॉर्डर आहे का ही?’

‘नाही काका, ही पूर्ण लेव्हल आहे.’

‘तीन सोडून चार भरले, तीन सोडून चार भरले. ही बॉर्डरच की.’ मग माझा चेहरा बघून असेल, जरा मऊ झाले. ‘बॉर्डरला वाईट नाही. पण बॉर्डर कोणी बघतंय का? बघायला मधलं असतंय.’

मग तासभर ते बोलले. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, आणि चहाच्या कपाला साय आली. फूल मोठं करायचं असेल तर फूल मोठं करून होत नाही, भोवतालची जमीन मोकळी सोडावी लागते. दोन फुलं जवळ घेतली की तिसरं लांब घ्यायचं, म्हणजे नजर ते शोधते. कागदावर सगळी चादर एकदम दिसते म्हणून फसू नका. गिऱ्हाईक दुकानात घडी बघतं, घडीत काय दिसतंय ते आधी बघायचं. हे शेवटचं वाक्य ऐकून मी सरळ झालो. खेळणाऱ्यालाही सगळी लेव्हल कधीच दिसत नाही. त्याला पडद्याएवढी घडी दिसते, आणि मी कागदावर बघून खणत बसलो होतो.

मी त्यांना मारिओची एक गंमत सांगितली. त्या गेममधलं झुडूप आणि ढग एकच चित्र आहे, एकदा हिरवं रंगवलंय, एकदा पांढरं. पूर्ण गेम चाळीस किलोबाइटमध्ये बसवायचा होता, जागा कुठली? आणि जपानमध्ये त्या लेव्हली आधी चौकटीच्या कागदावरच हाताने काढायचे. मला वाटलं काका चकित होतील. ते म्हणाले, ‘मग? आम्ही काय करत होतो?’

पेन्सिलीने त्यांनी माझ्या पट्टीवर खुणा केल्या. दोन, दोन, मग पाच. मग बराच वेळ काही नाही, सरळ छत. तिथं मला घाबरायला झालं, इतकं मोकळं? त्या मोकळ्या छतावर रंगवालीने नंतर लांबवर दिसणारी मिल काढली, धुराची रेघ, आणि दुसरा भोंगा तिथंच वाजतो. खेळताना लोक तिथं पळायचे थांबतात. काही करायचं नसताना थांबतात.

भोंग्यावरून आवाजवाल्याचं सांगायला हवं, कारण ब्लॅक बुकमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या अहवालात, त्याच्या वाट्याला चारच ओळी आल्या होत्या. एका छताजवळ हलणारी फळी हवी होती, आम्ही तिला मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचा आकार दिला, इकडून तिकडे जाणारी. ती फळी चित्राच्या वेळेने हलत होती आणि पोरगं भौतिकीच्या वेळेने, त्यामुळे वर उभं राहिलं की पोरगं हिवताप आल्यासारखं कापायचं. ते उडीवाल्याने दोघांना एकाच वेळेवर आणून सोडवलं. पण तरी लोक धोट्यावर उडी चुकवायचे. आवाजवाला ओळखीच्या कारखान्यात मागाचा आवाज घ्यायला गेला, तर मोबाइलमध्ये नुसता फाटका गोंगाट. दुसऱ्या दिवशी त्याने शेजारच्या खोलीत भिंतीला फोन लावून घेतला. खट्टक खट्टक. मग म्हणाला, धोटा याच लयीत हलवा. हलवला. लोक समेवर यावं तसे उतरायला लागले, आणि बरेचसे धोट्याकडे न बघता. त्याने कोडची एक ओळ न लिहिता जे केलं ते माझ्याने वर्षभर झालं नसतं.

सगळं असं गोड नव्हतं. मार्चमध्ये एकाच लेव्हलची फाईल मी आणि उडीवाल्याने दोन घरी बसून दुरुस्त केली, आणि पेनड्राइव्हवर त्याची माझ्यावर चढली. चार रात्रींचे खड्डे बुजले. मी बोलू नये ते बोललो, त्याच्या घरच्या पाण्यावरूनही बोललो. आमच्या शहरात तेव्हा नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं आणि ते आलं की उडीवाला काम टाकून घरी पळायचा, वरच्या टाकीपर्यंत घागरी चढवायला दुसरं कोणी नव्हतं. आठ दिवस आम्ही रंगवालीमार्फत बोलत होतो. मग एकदा तिचा ‘तुमच्या दोघांची पोस्टवाली नाही मी’ असा मेसेज आला.

त्याच आठवड्यात गड्ड्याची लेव्हल गेली. गड्डा म्हणजे संक्रांतीतली सिद्धेश्वर यात्रा, तिच्यातली ती रात्र, होम मैदानावरचे पाळणे, मागून हलत जाणारे सात नंदीध्वज. त्या काठ्यांच्या चालीने कॅमेरा पुढे सरकणार होता. सुरुवातीला नऊ लेव्हली ठरल्या होत्या, मग सहा, एप्रिलमध्ये तीन. गड्ड्यावर माझा जीव होता आणि तीच सगळ्यांत अर्धवट होती. यादीवर मी स्वतः रेघ मारली. आजही मला वाटतं की भोंग्याचं एक छत काढून गड्डा ठेवायला हवा होता. बाकीचे तिघं म्हणतात, तेवढं कर आणि परत सहा महिने बस.

व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, दिवशी एक तास आधी कळलं, की तिथल्या यंत्राच्या कीबोर्डवर उजवा बाण, शिफ्ट आणि लांब पट्टी ही तीन बटणं एकदम दाबली तर पट्टी ऐकूच येत नाही. स्वस्त कीबोर्डांत अशी काही त्रिकुटं आंधळी असतात. शिफ्ट म्हणजे आमचं जोरात पळणं. उडीवाल्याने शिफ्टच काढून टाकलं आणि सलग तीन-चार पावलं पळालं की वेग आपोआप वाढेल असं केलं. घाईत केलेलं ते आधीपेक्षा चांगलं निघालं.

एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, खुर्चीवर बसले आणि पहिल्या दोन घरांच्या खड्ड्यात नेमके पडले. मागे वळून बघितलं. आम्ही चौघं भिंतीला टेकून गप्प. गाईड पुढे झाले, ‘सर, ते स्पेस जरा...’ आणि रंगवाली, जिने वर्षभर त्यांच्यासमोर मान वर केली नव्हती, म्हणाली, ‘सर, सांगू नका प्लीज.’

खोलीत एसीचा आवाज तेवढा. एक्स्टर्नलनी परत पट्टी दाबली. दुसऱ्या खड्ड्यात चार वेळा पडले, शिडीने वर आले, पाचव्यांदा पलीकडे गेले आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली. पहिली चिमणी चिवचिवली तेव्हा हसलेसुद्धा. त्यानंतर त्यांनी डेटा फ्लोची आकृती कुठे आहे ते विचारलं, आणि ती आकृती कशी चुकलेली आहे ते दहा मिनिटं समजावलं. मार्क बरे पडले.

आता मी पुण्यात एका बँकेसाठी फॉर्म बनवतो. भरणारा कुठल्या रकान्यात अडतो हे मला कधी दिसत नाही, आकडे येतात फक्त. गेल्या जानेवारीत गड्ड्याला आलो तेव्हा उडीवाल्याकडे गेलो. तो लॅपटॉप विकला गेलाय. नऊ कागदांची पट्टी मात्र काकांनी कपाटाच्या बाजूला उभी चिकटवली आहे, खालून वर जाणारी, पेन्सिलीच्या खुणांसकट. उडीवाल्याची भाची, सहा वर्षांची, दोन बोटांचे पाय करून त्यावर चढत होती. दोन घरं, टुण. दोन घरं, टुण. पाच घरांच्या खड्ड्याशी बोटं थांबली.

‘मामा, हितनं कसं जायचं?’

त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. दोघंही गप्प. भाचीने एक बोट पुढे करून अंतर मापलं, परत घेतलं. आतल्या खोलीतून सुपाचा आवाज थांबला आणि काकू ओरडल्या, ‘मागून पळत ये गं! आन् दाबून धर, सोडू नको!’